कोल्ह्याला तेल कोण लावणार?

पहाटे साडेपाचला आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे दूधवाल्याची बेल आणि दुसरी शीळफाट्यावरच्या कंटेनरचे हॉर्न. मुंब्र्याकडून आलेले, महापेकडे वळणारे, कल्याणला जाणारे आणि पनवेलला निघालेले सगळे ट्रक त्या एका चौकात एकमेकांवर खेकसत असतात. चौथ्या मजल्यावर राहूनही आमची सुटका नाही. स्वयंपाकघराची खिडकी मात्र मागच्या बाजूला उघडते. तिथे कसल्याशा भांडणात अडकलेला मोकळा प्लॉट आहे, त्यापलीकडे गोदामांचे पत्रे आणि त्यांच्यामागे पारसिकचा डोंगर. दूध गॅसवर ठेवायचं आणि ते वर येईपर्यंत खिडकीत उभं राहायचं, ही माझी दिवसातली एकुलती एक चैन.

मागच्या वर्षी डिसेंबरात एका सकाळी त्या प्लॉटच्या कडेला एक प्राणी दिसला. आधी वाटलं, भटकं कुत्रं. पाठ उघडी, कातडी राखेसारखी, जागोजागी खपल्या. चार पावलं चालायचा, की बसून मागच्या पायाने खाजवायचा, पुन्हा चार पावलं, पुन्हा खाजवणं. शेपूट तर शेपूट वाटतच नव्हती, सुंभाची जुनी दोरी जशी. दूध उतू गेलं तेव्हा भानावर आले.

तिसऱ्या दिवशी वॉचमनने सांगितलं, "ताई, कुत्रा नाय तो. कोल्हा हाय. रात्री चिकनवाला पिसं टाकतो ना नाल्याला, तिथं येतो."

कोल्हा! शीळफाट्याला! इथे बारा वर्षं राहते, पण कोल्हेकुई कधी ऐकली नव्हती. ट्रकच्या हॉर्नमध्ये ऐकू तरी काय येणार? देसाई खाडीची खारफुटी इथून फार लांब नाही आणि डोंगरही पाठीशी आहे, म्हणजे तो आधीपासून इथलाच. नवे आम्ही.

चिंगीची गोष्ट

त्या कोल्ह्याकडे बघून पोटात जे कालवलं, त्याला एक जुनं कारण आहे. ते आधी सांगून टाकते, म्हणजे मोकळी होईन.

२००४ सालची गोष्ट. तेव्हा आम्ही डोंबिवलीला चाळीत राहत होतो. चाळीतल्या सगळ्यांची मिळून एक कुत्री होती, चिंगी. भाकरी माझ्याकडची खायची, झोपायची समोरच्यांच्या पायरीवर. त्या वर्षी पावसाळ्यानंतर तिला लूत लागली. कानांच्या कडेपासून सुरू झालं आणि महिन्याभरात कोपरं, पोट, मांड्या सगळीकडे पसरलं. चाळीतल्या बायका मुलांना तिच्याजवळ जाऊ देईनात. कोणी म्हणे हाकलून द्या, कोणी म्हणे पालिकेला कळवा.

मग जो भेटेल तो एकच उपाय सांगायला लागला. गाडीचं जळकं ऑईल लावा, दोन दिवसांत लूत जाते. नाक्यावरच्या गॅरेजमध्ये ते फुकट मिळायचं. मी स्वतः प्लास्टिकच्या बाटलीत घेऊन आले आणि जुन्या ब्रशने तिच्या अंगभर चोपडलं. बिचारी हूं की चूं न करता उभी राहिली. माझ्यावर विश्वास होता तिचा.

रात्रभर ती अंग चाटत होती. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पायरीखाली गेलेली सापडली.

नंतर प्राण्यांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. इंजिनातून काढलेल्या तेलात शिसं आणि इतर धातू उतरलेले असतात. फोड आलेल्या कातडीतून ते आत जातं आणि चाटलं की पोटातही जातं. लुतीचा किडा मरो न मरो, कुत्रं मात्र मरतं. वीस वर्षं झाली, तरी "जळकं ऑईल लाव" हा सल्ला आजही ऐकू येतो, आणि आमच्या शीळफाट्याला तर गॅरेजांची काय कमी! म्हणून हे पुन्हा सांगायचं. रॉकेल, फिनेल आणि तंबाखूचं पाणी यांचीही तीच गत. तंबाखूचं पाणी काही गावांतून गुरांना लावत. तंबाखूतला निकोटीन किड्याला विष आणि गुरालाही विषच.

हा किडा आहे तरी कोण?

लूत म्हणजे रक्तदोष, उष्णता, घाणीचा रोग, असं आपण ऐकत आलोय. खरं म्हणजे तो एका जिवाचा संसार असतो. कोळी, विंचू, गोचीड यांच्या खानदानातला आठ पायांचा बारीक किडा, इंग्रजीत त्याला माइट म्हणतात. शास्त्रीय नाव सार्कोप्टीस. मादी जेमतेम अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालत पुढे सरकते. अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारी मादी तयार व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. खाज सुटते ती तिच्या चावण्याने कमी आणि तिच्या विष्ठेला व अंड्यांना आपलं शरीर जो विरोध करतं, त्याने जास्त.

१६८७ साली इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी खरजेच्या फोडातून हा किडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. अमुक रोग अमुक जिवामुळे होतो हे इतक्या लवकर कळलेले रोग फारच थोडे. बोनोमोने तर असंही लिहून ठेवलं, की बायका मुलांच्या फोडातून सुईच्या टोकाने काहीतरी काढताना त्याने पाहिलं होतं. म्हणजे शोध कोणाच्या नावावर लागला ते सोडा, सुई आयांच्याच हातात होती!

याच किड्याचे प्रकार कुत्र्यांत लूत आणतात, माणसांत खरूज आणतात आणि कोल्ह्या-लांडग्यांनाही धरतात. पण प्रत्येकाचा प्रकार थोडा वेगळा. कुत्र्याचा किडा माणसावर आला तर चार दिवस खाज देतो, पण आपल्या कातडीत त्याचा संसार टिकत नाही.

हे मला नेमकं का कळलं, तर त्याच आठवड्यात वॉचमनच्या बायकोच्या हातांना पुरळ आलं. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला. रात्री खाज इतकी, की झोप नाही. बिल्डिंगमध्ये लगेच बोलबाला झाला, कोल्ह्याचं लागलं! तिच्या हातचं पाणी कोणी घेईना. शेवटी मीच तिला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात आणखी कोणाला खाज आहे?" निघालं असं, की तिचा भाचा हॉस्टेलवरून दिवाळीला आला होता आणि तोच खाजवत आला होता. ही शुद्ध माणसांची खरूज होती. कोल्ह्यावर उगाच आळ.

त्यांनी दिलेला उपाय प्रत्येकीने लक्षात ठेवावा असा आहे. मलम एकट्या रोग्याला लावून भागत नाही. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत लावायचं, सकाळी धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा तेच करायचं. कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस बाजूला ठेवायचं, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा फार काळ जगत नाही. आणि औषध लागू पडलं तरी खाज दोन-चार आठवडे रेंगाळते. तेवढ्याने "गुण आला नाही" म्हणून पुन्हा पुन्हा मलम चोपडत बसायचं नाही. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं. त्यांच्यासाठी गंधकाचं मलम वापरतात, आपल्या आजीच्या काळचंच.

आजींचं करंजाचं तेल

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा खिडकाळीकडच्या एक आजी भाजी घेऊन येतात. अळू, शेवगा, पावसाळ्यात रानभाज्या. हाडाच्या आगरी, सत्तरी पार केलेल्या, पण टोपली स्वतःच डोक्यावर घेऊन लिफ्टमध्ये शिरतात. मी त्यांना खिडकीतून कोल्हा दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "करंजाचा त्याल लाव गो पोरी. आमचे बैलांना आमी तोच लावाचो."

पुढच्या खेपेला एक छोटी बाटली घेऊनच आल्या. घट्ट, पिवळट तपकिरी, उग्र वासाचं तेल. सोबत कडुनिंबाच्या पाल्याची जुडी. पाला आणि ओली हळद वाटून लेप लावायचा, खपल्या मऊ झाल्या की वरून तेल, असा त्यांचा पाठ. पूर्वी त्यांच्याकडे चार बैल होते, नंतर जमिनी गेल्या आणि बैलही गेले. बाटली मात्र राहिली.

आता हे सगळं आजीबाईचा बटवा म्हणून हसण्यावारी न्यायचं का? मला वाटतं, नाही. निंब आणि हळद यांच्या लेपावर १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. खरजेच्या ८१४ रोग्यांना नुसता हा लेप लावला आणि त्यांतले ९७ टक्के तीन ते पंधरा दिवसांत बरे झाले, असं त्यात म्हटलंय. त्यात तुलनेसाठी दुसरा, औषध न दिलेला गट नव्हता, म्हणून त्याला शेवटचा शब्द मानता येत नाही. पण प्रयोगशाळेतही निंबोळीच्या तेलातल्या घटकांनी या जातीचे किडे मरतात असं दिसलंय. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळानेही गुरांच्या गोचिडांसाठी निंब, लसूण, वेखंड, हळद, तुळस, घाणेरीचा पाला असा लेप पशुपालकांपर्यंत पोचवलाय. घाणेरी माहीत आहे ना? रस्त्याकडेला रंगीत फुलांचे गुच्छ येतात ती, टणटणी.

मी ज्या डॉक्टर मॅडमना विचारलं त्यांचं म्हणणं साधं होतं. "ताई, शेळीला, बैलाला, कुत्र्याला सुरुवातीला थोडीशी लूत असेल, तर निंबाचं किंवा करंजाचं तेल खोबरेलात मिसळून लावायला माझी हरकत नाही. पण चाटू द्यायचं नाही. मांजराला लावायचंच नाही, मांजरांना हे तेल सोसत नाही. आणि अंगभर पसरली असेल तर तेलावर दिवस घालवायचे नाहीत, सरळ दवाखान्यात आणायचं."

मग त्यांनी मला एक गंमत सांगितली. लुतीवर त्या ज्या इंजेक्शनवर सगळ्यात जास्त भरवसा ठेवतात, ते आयव्हरमेक्टिन हेसुद्धा मुळात मातीतलंच. जपानमधले संशोधक सातोशी ओमुरा यांनी इतो गावाजवळच्या गोल्फच्या मैदानालगतची माती गोळा केली होती. त्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून अमेरिकेत विल्यम कॅम्बेल यांच्या गटाने हे औषध तयार केलं. २०१५ साली दोघांना नोबेल मिळालं. आणि खरजेचं जे मलम वॉचमनच्या बायकोला दिलं, त्या परमेथ्रीनची मूळ कल्पना शेवंतीच्या कुळातल्या एका फुलावरून आलेली. कारखान्यात बनतं हे खरं, पण नक्कल फुलाचीच. त्यामुळे "नैसर्गिक" आणि "केमिकल" असे दोन डबे करून एकावर फुली मारणं मला आता जमत नाही. आणि उलट बघा, परमेथ्रीन मांजराला जीवघेणं ठरतं. फुलाचं असलं म्हणून काय झालं?

त्यांचे स्वतःचे उपाय

पण खरा प्रश्न आजींनीच विचारला. बाटली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "तेल तर दिला. पण कोल्ह्याला लावनार कोन?"

तेच तर! रानातल्या जनावराला धरून तेल लावणारं कोणी नसतं. मग ती काय करतात? या प्रश्नाने मला झपाटलं आणि दुपारच्या झोपा त्यात गेल्या.

रानडुक्कर आणि हत्ती चिखलात लोळतात. चिखल वाळून गळून पडताना गोचीड, पिसवा यांना सोबत नेतो. वानरं तासन् तास एकमेकांच्या अंगातले किडे वेचतात. आपण त्याला उवा काढणं म्हणतो, पण त्यांच्यात ते डोकं विंचरणं, गप्पा आणि रुसवा काढणं असं सगळं एकत्र असतं. चिमण्या धुळीत आंघोळ करतात. काही पक्षी पंख पसरून मुंग्यांच्या वारुळावर बसतात किंवा चोचीत मुंगी धरून पिसांवर घासतात. डॉ. सलीम अली यांनी १९३६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये यावर टिपण लिहिलं. अंगावरचे परोपजीवी घालवायला पक्षी मुंग्या वापरतात का, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला होता. मुंगीचं आम्ल किड्यांना मारतं की आणखी काही कारण आहे, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.

मला सगळ्यात आवडली ती चिमणी. आपल्याकडच्या चिमण्या घरट्यात कडुनिंबाचा हिरवा पाला आणून घालतात, असं निरीक्षण १९८१ साली छापून आलंय. बाळंतिणीच्या खोलीच्या दारात आपण निंबाचे डहाळे लावतो, तसंच की! मेक्सिको शहरातल्या चिमण्या आणखी पुढे गेल्या. तिथे निंब कुठला? त्या सिगरेटची थोटकं उचलून घरट्यात कोंबतात. ज्या घरट्यात थोटकं जास्त, तिथे माइट कमी, असं २०१२ च्या सुमाराला तिथल्या संशोधकांना आढळलं. पुढे हेही दिसलं, की त्या धुरकट कापसाने पिल्लांच्या रक्तपेशींना इजा होते. म्हणजे चिमणीलाही जळक्या ऑईलचा मोह आवरला नाही म्हणायचं.

पण लूत एकदा अंगभर गेली, की यातलं काहीच पुरत नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १९९४ मध्ये लुतीची साथ आली आणि त्यानंतर तिथल्या खोकडांपैकी पाच टक्केही उरली नाहीत. (आपल्याकडे गोष्टींतल्या फॉक्सला सर्रास कोल्हा म्हणतात. तो खरा खोकड. कोल्हा म्हणजे जॅकल.) ऑस्ट्रेलियात वोम्बॅट नावाचा गुबगुबीत, बिळात राहणारा प्राणी आहे. त्याला लूत लागली, की तिथले लोक बिळाच्या तोंडावर एक हलती झडप टांगतात. झडपेवर औषधाचा छोटा डबा असतो. वोम्बॅट ये-जा करताना झडप हलते आणि औषध त्याच्या पाठीवर सांडतं. आजींना हे सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसल्या, "मंग बांधा की तुमचे खिरकीला झडप!"

पिंजरा

आमच्या बिल्डिंगमधल्या एका कॉलेजच्या मुलाने मोबाइलवर वाचून तोडगा काढला. चिकनच्या तुकड्यात गोळी घालून रात्री ठेवू. मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू? नशीब, आधी डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या चांगल्याच तडकल्या. "तो तुकडा कोल्हाच खाणार हे कशावरून? कुत्रं खाईल, घार उचलेल. कोल्ह्याचं वजन किती, तुम्हाला माहीत आहे? काही जातींच्या कुत्र्यांना हे औषध मानवत नाही. शिवाय विष्ठेतून ते जमिनीवर पडतं आणि शेणकिड्यांना मारतं. आणि कोल्हा वन्यजीव कायद्याखाली येतो. त्याला पकडणं, पाळणं, घरी औषधपाणी करणं यातलं काही आपण परस्पर करायचं नसतं."

मग १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणसं आली, प्लॉट बघून गेली आणि रात्री पिंजरा लावला. आम्हाला ताकीद दिली, की कोणी जवळ जायचं नाही, दगड मारायचा नाही, खायला घालायचं नाही. आजारी कोल्ह्याला पिसाळीचाही धोका असू शकतो, म्हणून मुलांना प्लॉटकडे सोडायचं नाही.

पहिल्या रात्री मांजर अडकलं. दुसऱ्या रात्री काहीच नाही. तिसऱ्या रात्री थंडी फार होती. अंगावर केस नसलेल्या त्या जिवाचं काय होत असेल, या विचाराने मी दोनदा उठून खिडकीत गेले. आमचे हे म्हणाले, "अगं झोप, तो काही तुझा माहेरचा नाही." मी काहीच बोलले नाही. चिंगीची गोष्ट त्यांना माहीत आहे. मग तेच उठले आणि बॅटरी घेऊन खिडकीत येऊन उभे राहिले.

चौथ्या पहाटे पिंजऱ्याचं दार पडलेलं दिसलं. मागच्या कोपऱ्यात तो अंग चोरून बसला होता. जवळून पाहिला, तेव्हा डोळे खपल्यांनी अर्धे मिटलेले होते. गुरगुरलासुद्धा नाही.

माझी सही

इथपर्यंतची गोष्ट मी शेजारणींना खूपदा सांगितली. पुढची फारशी सांगत नाही, कारण ती माझ्यावर उलटते.

डॉक्टर मॅडमनी सहज विचारलं होतं, "तुमच्याकडे उंदरांचं औषध टाकतात का?" टाकतात ना! सोसायटीची खजिनदार मीच. कंपाउंडच्या कडेने काळ्या डब्या ठेवण्याच्या कंत्राटावर दरवर्षी सही माझीच असते. शेजारच्या गोदामांबाहेरही त्याच डब्या दिसतात. ते औषध खाऊन उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवस गुंगलेला फिरतो आणि घुबड, मुंगूस, कोल्हा यांच्या तोंडी सहज सापडतो.

अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरांत २००२ ते २००५ या काळात बॉबकॅट ही रानमांजरं लुतीने पटापट मेली. त्यांचा किडा वेगळ्या जातीचा, पण रोग तोच. मेलेल्या बॉबकॅटच्या शरीरात उंदरांच्या औषधाचे अंश सापडले. एरवी निरोगी जनावर थोडीफार लूत अंगावर काढतं. विषाने प्रतिकारशक्ती बिघडली की किडे बेफाम होतात, असा पुढच्या संशोधनाचा रोख आहे. आमच्या कोल्ह्याच्या बाबतीत तसंच झालं, असं कोणी तपासून सांगितलेलं नाही. पण डब्या माझ्या खिडकीतून दिसतात आणि मला त्या दिसायला लागल्या.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला तेव्हा एक काका उखडले. "कोल्ह्यासाठी आम्ही उंदीर पोसायचे? रोगराई झाली तर?" त्यांचंही चूक नव्हतं. २०१८ साली विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली, ती उंदरांवर आणि झुडपांत राहणाऱ्या माइटच्या पिल्लांमुळेच. गवतात, शेतात काम करणाऱ्यांना तो चावतो, ताप येतो, आणि चावल्या जागी कधी कधी सिगरेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली दिसते. अशी खपली आणि ताप असेल तर साधा ताप म्हणून घरी बसू नये, लवकर औषध मिळालं की माणूस बरा होतो. म्हणजे उंदीर नकोतच. भांडण फक्त कसे घालवायचे यावर होतं.

दोन तास वाद झाला. शेवटी विषाच्या डब्या बंद करून चापाचे पिंजरे आणायचे, गटाराच्या तोंडांना जाळ्या बसवायच्या, आणि ओला कचरा रात्री उघड्यावर ठेवायचा नाही, एवढं एका वर्षासाठी मान्य झालं. काकांनी इतिवृत्तात "प्रायोगिक तत्त्वावर" असं मुद्दाम लिहून घेतलं. चिकनवाल्याशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. तो सोपा नव्हता. नाल्याला पिसं आणि आतडी पडली की कुत्री, कोल्हे, मांजरं एका जागी जमतात, अंगाला अंग घासतात आणि एकाची लूत दुसऱ्याकडे जाते, हे मी त्याला तीनदा समजावलं. तो म्हणाला, "ताई, गाडी दोन दिवसांआड येते, मी ठेवू कुठे?" आता झाकणाचा मोठा ड्रम आणलाय, निम्मे पैसे आमच्या सोसायटीने दिले. आठवड्यातून एखाद्या रात्री अजूनही पिसं दिसतात. मी सकाळी जाऊन सांगून येते. तो मला लांबून बघूनच हात जोडतो.

फेब्रुवारीत कोल्ह्याचा फोटो आला. त्या पिंजरा लावणाऱ्या माणसांपैकी एकाने मोबाइलवर पाठवला. दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन, जखमांना मलम आणि पोटभर खाणं, एवढ्यावर सहा आठवड्यांत त्याच्या अंगावर बारीक पिवळसर करडी लव आली होती. शेपूट अजून बारीक होती, पण टोकाला काळा गोंडा धरत होता. डोळे पूर्ण उघडे. अजून महिन्याभराने सोडणार, असं कळवलं. कुठे ते सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. चष्मा नव्हता, म्हणून फोन हातभर लांब धरून त्यांनी फोटो बघितला.

"माझा त्याल लावला व्हता का?"

"नाही आजी. इंजेक्शन दिलं."

जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरा झाला ना, बास." शेवग्याच्या शेंगा मोजताना पुन्हा थांबल्या. "मंग माझी बाटली दे परत. गुडघं दुखतान."

मी बाटली पुसून दिली. अर्धी त्यांनी माझ्याच एका रिकाम्या शिशीत ओतली आणि म्हणाल्या, ठेव, कोनाला तरी लागंल. ती आता गॅसच्या वरच्या फळीवर आहे, दुधाच्या पातेल्याच्या अगदी समोर.